बाईंची भुवई

डोळ्यांच्या नव्या औषधाच्या अभ्यासात नजर तपासणाऱ्या बाईंना एकच नियम जाचायचा. समोरच्यानं तक्त्यावरचं अक्षर बरोबर वाचलं की चूक, हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही! कुणाला खरं औषध मिळतंय आणि कुणाला नुसतं पाणी, हे त्यांनाही ठाऊक नसे. पायाला भिंगरी असलेल्या बाई तक्त्याशेजारच्या खुर्चीत कशाबशा बसत, तोंड मिटून घेत. पण भुवई ऐकेल तर शपथ! लेक म्हणायची, "आई, तू गप्प बसलीस तरी तुझी भुवई बडबडते."

एका म्हाताऱ्या बस ड्रायव्हरनं हे बरोबर हेरलं होतं. अक्षर वाचलं की तो बाईंकडे बघायचा आणि भुवई उडालेली दिसली की लगेच दुसरं अक्षर सांगायचा. त्याची नजर सुधारल्याची नोंद झाली आणि बाईंची झोप उडाली. हा गुण औषधाचा की आपल्या भुवईचा? डॉक्टरांना सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर जिवाला घोर.

पुढच्या तपासणीला बाई आरशासमोर सराव करूनच आल्या. म्हाताऱ्यानं पहिलंच अक्षर चुकवलं. मेली भुवई उडालीच! बाईंनी जीभ चावली.

म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून त्यांचा चेहरा निरखला. मग हसून म्हणाला, "काय ताई, आज भुवई घरी ठेवून आलात वाटतं?"

भुवई अजून वरच होती.