कोणाचं अडलंय?

“बोला, कोणाचं अडलंय?” असं म्हणतच मोठ्या बाई, म्हणजे आमच्या हेडबाई, मधल्या सुट्टीत यायच्या. एका जागी ठरायच्या नाहीत. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असता, हिला गाडी पकडायची आहे की काय!

परदेशीपुऱ्यातली मुलींची शाळा. मध्यभारत राज्य नुकतंच झालेलं. मी तिथं पाणी भरायची, घंटेचे टोल द्यायची. मास्तरणी चार, नि चार कोपऱ्यांत चार डबे. मराठीवाली हिंदीवालीशी बोलायची नाही. दारं लावून शिकवायच्या. आपलं चुकलेलं दुसरीला कळलं तर इज्जत जाते म्हणे.

माझी पोर चौथीत एकदा फेल झालेली. तिचा बाप मिलमध्ये, खोकून जेर झालेला. म्हणाला, “अबके फेल झाली तर घरी बसव. धाकट्याला सांभाळेल.” मी दिवसभर शाळेत. घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं.

मोठ्या बाई नव्या आल्या नि मला म्हणाल्या, “सतरंजी एकच टाका हो.” चौघी त्या एकीवरच बसायच्या. वर जेवताना प्रत्येकीनं सांगायचं, आज काय शिकवता आलं नाही.

“पोरीच ढ आहेत,” चौथीच्या बाई फणकारल्या.

“सगळ्याच?” मोठ्या बाईंनी विचारलं.

किती तरी दिवस नुसता डब्यांचा आवाज. मोठ्या बाई मात्र आपलंच सांगत सुटायच्या, “आज माझा भूगोल पार फसला. पोरी जांभया देत होत्या.” मग एकेक जण हसायला लागली.

एक दिवस चौथीच्या बाई पोळी चिवडत म्हणाल्या, “मला अपूर्णांक समजावता येत नाहीत. फळ्यावर लिहिते नि पुढं सरकते.”

मी घागर धरून तशीच उभी. माझी पोर तिथंच अडायची.

तिसरीच्या हिंदीवाल्या बाई म्हणाल्या, “तो क्या हुआ, जीजी? हिसाब मैं ले लूँगी. मेरी कविता तुम ले लो, लड़कियाँ सो जाती हैं.”

“तुमचा आवाजच तसला,” चौथीच्या बाई म्हणाल्या. दोघी खो खो हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून तास बदलले. पोरीनं घरी बापाची भाकरी घेतली, अर्धी केली, पाव केली, पाऊण करून दाखवली.

“अब खाने भी देगी?” तो म्हणाला.

परीक्षेआधीच मोठ्या बाईंची बदली झाली, शाजापूरला. मास्तरणींना कमीपणा आणतात, अशी कोणीतरी वर तक्रार केलेली. कोणी, ते कळलं नाही. टांग्यात बसून गेल्या.

पोर पास झाली. सवयीनं धावत मोठ्या बाईंच्या खोलीत गेली नि तशीच परत आली. खुर्चीवर दुसरंच कोणी.

“आई, शाजापूर कुठं आहे?”

“मला काय माहीत, बाळ,” मी म्हटलं. “पाचवीत शिकवतील.”