फवारणी पंपाचे कापलेले पट्टे

ते प्रकरण आठवलं की आजही आधी भीती वाटते, आणि मग हसू येतं.

तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात सहायक फौजदार होतो. माणूस रत्नागिरीकडचा, शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो आणि सगळी नोकरी वऱ्हाडातच झाली. पंचनामा लिहायचा मला धसका असायचा, कारण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की साहेब सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. तरी या खात्यानं आणि या मुलखानं मला पोटाला दिलं, हे मी विसरत नाही.

उन्हाळ्याचे दिवस होते. अकोल्याला दिलेली एक लेक आई-वडील हरवल्याची तक्रार घेऊन आली. दोघं पन्नाशीचे, घरची शेती, थोडी संत्र्याची बाग. गावात सांगून गेले की लेकीकडे जातो. लेकीला कळवलं की मामाकडे लग्नाला जातो. तिनं सहज शेजारी फोन केला, तर शेजारीण म्हणाली, ते तर तुझ्याकडेच आले ना? तोवर बारा दिवस झाले होते.

त्या वर्षांत अशी तक्रार आली की आम्ही कागद नंतर काढायचो, आधी विहिरी पाहायचो. त्या गावात महिन्याभरात दोन शेतकऱ्यांनी जीव दिला होता. विहिरी पाहिल्या, काही नव्हतं. पंचांसमोर कुलूप तोडलं. घर नीट आवरलेलं. फवारणीच्या औषधाची बाटली सीलबंद, तेव्हा जरा श्वास घेतला. पण गोठ्यात दोन फवारणी पंप होते, पाठीवर घ्यायचे, आणि दोन्हींचे पट्टे सुरीनं कापून नेलेले. माझ्या शिपायानं बाहेरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. त्याच्या नजरेमागे लेकीनंही पाहिलं. पंचनाम्यात ती ओळ लिहायला मला फार वेळ लागला.

एकच गोष्ट जुळत नव्हती. अंगणातल्या तुळशीवर भोक पाडलेलं मडकं टांगलं होतं आणि त्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं. बारा दिवस घर बंद, आणि मडकं काठोकाठ भरलेलं. मे महिन्यात ते एक दिवससुद्धा टिकणार नाही.

दुसऱ्या दिवशी कोतवालानं खबर आणली. मशिदीजवळचा म्हातारा शिंपी, गाव ज्याला चाचा म्हणतं, रोज पहाटे त्या घराच्या भिंतीवरून आत उतरतो. गावात कुजबुज सुरू झालीच होती. मला धाकधूक वाटली. शब्द वेडावाकडा फिरला असता तर म्हाताऱ्याचं काही खरं नव्हतं. म्हणून जीप पाठवली नाही. गणवेश ढिला करायचा आहे असा निरोप दिला. चाचा गळ्यात टेप घालून आला.

दार लावून विचारपूस केली. तुळशीला पाणी घालतो, हे कबूल केलं. कोणी सांगितलं, ते कुठे आहेत, यावर एकच धरून बसला.

"म्या जबान देल्ली हाय, साहेब. मारा पायजे तर. नाही सांगत."

मारायचं माझ्या मनातच नव्हतं. दीड तास गेला. त्या वेळात त्यानं माझ्या कमरेचं माप घेऊन टाकलं आणि गेल्या वर्षापेक्षा दोन बोटं वाढल्याचंही सुनावलं. शेवटी मी लेकीला आत बोलावलं. कालपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. ती ना रडली, ना ओरडली.

"चाचा, जित्ते हायेत का, एवढंच सांगा."

चाचानं गळ्यातली टेप काढून मुठीत धरली. "जित्ते? पोरी, तुया बाप चड्डीवर समुद्रात उभा असन आता."

मग सगळं बाहेर आलं. बियाण्याच्या दुकानातल्या एका कॅलेंडरवर अंदमानचं चित्र होतं. ते घरच्या बाईंनी, लेकीच्या आईनं, कितीतरी वर्षं भिंतीवर ठेवलं होतं. यंदा संत्र्यानं साथ दिली. चाचानं ताडपत्रीच्या दोन पाठपिशव्या शिवल्या. पट्टे पंपांचेच लावले, कारण दोघांचे खांदे त्यांनाच सरावलेले. त्याआधी महिनाभर दोघं ओझ्याच्या सरावासाठी पंपात पाणी भरून सकाळी धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधांवरून, चालत होते. शेतात पीक नाही आणि हे फवारून काय राहिले, असं गाव म्हणत होतं.

मग लपवलं कशाला, मी विचारलं. चाचानं बाईंचंच बोलणं सांगितलं. "गावात घरोघरी रडणं चालू हाय. अन् आमी मजा कराले चाललो, हे कोन्या तोंडानं सांगाचं?"

अमरावतीच्या नियंत्रण कक्षातून तिकडे बिनतारी संदेश गेला. तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन वाजला. तिथल्या पोलिसांना ही जोडी एका बेटाच्या किनाऱ्यावर, बैल चालतात तशी एकामागे एक, पाठीवर पिशव्या घेऊन चालताना सापडली होती. लांबचा फोन म्हणून आई इतक्या मोठ्यानं बोलत होती की सगळं ठाणं ऐकत होतं.

"पोलीस कावून धाडले व? आमी काय चोर हावो?" आणि लगेच, "तुळशीले पाणी टाकून राहिला का तो?"

मग वडिलांनी फोन घेतला. "पोरी, इथलं पाणी इतकं निळं हाय..."  मग म्हणाले, "तू जेवली का?"

ती खोटं बोलली, हो म्हणाली. शिपायानं समोरून कचोरी आणली. ती तिनं माझ्या टेबलाशी, स्टेशन डायरीशेजारी बसून खाल्ली. खाताखाता हसत होती.

नोंदवहीत 'मिळून आले' लिहिलं. कारणाच्या रकान्यात मी 'फिरायला गेले' असं लिहिलं. साहेब म्हणाले, 'कौटुंबिक कारण' लिहा. पण या वेळी मी खोडलं नाही. तोवर मी त्या रकान्यात किती वाईट शब्द लिहिले होते.

त्यानंतर हरवलेल्या माणसाच्या घरी गेलो की मी एक प्रश्न जास्तीचा विचारू लागलो. यांना हौस कशाची होती? वैर कोणाशी, भांडण कोणाशी, हे आम्ही पाठ केलेलं असतं. हौस कोणी विचारत नाही. दोनदा त्याच प्रश्नानं माणसं जिवंत सापडली.

आणि तो प्रश्न मी घरीही विचारला, वीस वर्षं उशिरानं. बायको भाकरी थापत होती. म्हणाली, तुमच्या गावची खाडी होडीतून बघायची आहे. लग्न होऊन आले तेव्हा पदर डोळ्यांपर्यंत होता, काही दिसलंच नाही.

दिवाळीनंतर रजा टाकली. चाचाकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या. आमच्याकडे पंप नव्हता, म्हणून माझे जुने खाकी पट्टे दिले. होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा बायकोचा पदर खांद्यावर होता, पाठीवर पिशवी होती, आणि नावाड्याला ती एकेका गावाचं नाव विचारत होती.