पाळकांचा निकाल

आमचे हे सौंसरच्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. मी पाळकीणबाई, म्हणजे पेटी वाजवणं, बायकांची प्रार्थना घेणं, आजाऱ्यांना भेटणं आणि येईल त्याला चहा. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर आम्हाला शिकायची हुक्की आली. दोघांनीही नागपूरच्या एका महाविद्यालयात धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासाला नाव घातलं. दर शनिवारी पहाटेच्या बसने जायचं, एकाच बाकावर बसायचं, एकाच डब्यात जेवायचं. ह्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "नाही समजलं तं मले विचारत जाय."

पहिल्या सत्राचा निकाल लागला. बायबलच्या मूळ ग्रीक भाषेत मी पास, हे नापास.

परतीच्या बसमध्ये हे बोरगाव येईपर्यंत खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे बघत बसले. म्हटलं, लागलं असेल मनाला. दुसऱ्या दिवशी रविवार. उपासना संपताना पुढच्या सतरंजीवरच्या आजींनी विचारलं, "काय झालं जी तुमच्या परीक्षेचं?"

"निकाल लागाचा हाये अजून," हे म्हणाले.

मी पेटीवर होते. शेवटच्या गीताची सुरुवात भलत्याच पट्टीत झाली.

घरी आल्यावर मी ऐकवलंच. स्वतःचा नापास लपवायचा तर लपवा, पण त्याच्याखाली माझा पास कशाला गाडला? आणि दर रविवारी जिथून लोकांना खरं बोलायला सांगता, तिथेच उभं राहून? तीन दिवस आमचं 'भाजी वाढू का' एवढंच बोलणं झालं. मला फार राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं.

फेरपरीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. चौथ्या दिवशी मी मेथी निवडत असताना हे वही घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. गाडी 'क्षमा करणे' या क्रियापदावर अडली होती. ग्रीकमध्ये त्याचं एक रूप असं आहे, की काम एकदा करून संपत नाही, चालूच असतं. मी नियम सांगितला, पण ह्यांना कळेना. पुन्हा सांगितला, जरा चढ्या आवाजात. शेवटी वही मिटून म्हणाले, "ते जाऊ दे. तू मले माफ केलं का नाही, तेवढं सांग."

मी मान वर न करता म्हटलं, "करून राहिली ना जी."

ह्यांनी हळूच वही उघडली.

"हेच का ते रूप?"

"हेच."

मग मात्र आम्ही इतके हसलो की मेथीची परात उलटली. वर्गातले सर पुण्याकडचे. त्यांच्यासमोर 'करून राहिलो' तोंडातून निसटलं की आम्ही दोघं कानकोंडे व्हायचो, घाईने 'करतो आहे' म्हणायचो. आणि सत्रभर ग्रीकमध्ये जे शोधत होतो, ते सौंसरच्या बाजारात रोज बोलत होतो.

पुढच्या रविवारी उपदेशाआधी हे म्हणाले, "मागच्या रविवारी मी खोटं बोललो. निकाल लागला होता. पाळकीणबाई पास झाल्या, मी नापास झालो. आता त्याच मले शिकवून राहिल्या."

पुढच्या सतरंजीवरून आजी म्हणाल्या, "मंग एखांदा उपदेश त्यायलेच करू द्या नं." सगळे हसले. मी डोळे पुसायला पदर शोधत होते.

घरी जाताना ह्यांनी विचारलं, "आता तं झालं नं माफ?"

"पुन्हा नापास व्हाल अशानं," मी म्हटलं. "होऊन राहिलं."