सातपुतेबाईंचा चष्मा

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि इथे देवासला माझ्या शेजारी इतकी वर्षं दुकान चालवणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही.

माझं चष्म्याचं दुकान आहे. डोळे मी तपासायचो. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम कैलासचं. तो इथलाच, माळव्यातला. मराठी दुकानातच शिकला — आमच्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून. चष्मा दिला की तो माणसाला लगेच सोडायचा नाही. बाहेर नेऊन समोरची पाटी वाचायला लावायचा, दोन पायऱ्या चढ-उतर करायला लावायचा, कानामागे बोट फिरवून कुठे टोचतंय ते बघायचा. हळूहळू लोक दारातूनच विचारायला लागले, "कैलास भिया आहेत ना?" — इकडे भाऊला भिया म्हणतात. दुकान छान चाललं होतं. ते कशामुळे, हे मी कधी स्वतःला विचारलं? नाही. मला एवढंच दिसायचं — दुकान माझं, आणि नाव त्याचं.

मग संशय आला. मंगळवारी, सुटीच्या दिवशी, तो सकाळच्या बसनं कन्नौदला जायचा. हातात छोटी पेटी. विचारलं तर म्हणाला, "काही खास नाही दादा, पहचानवाले लोक आहेत." कसली पहचान? मी ठरवूनच टाकलं — तिथे जागा बघतोय, माझी गिऱ्हाइकं नेणार. त्याचा फोन वाजला की मी कान द्यायचो. तो हसला तरी वाटायचं, का हसला?

त्याला काढायला कारण हवं होतं. ते मीच तयार केलं.

सातपुतेबाई, निवृत्त शिक्षिका. काच कोणत्या कोनात बसवायची तो त्यांचा आकडा होता एकशे ऐंशी. मी चिठ्ठीत नुसते ऐंशी लिहून कैलासला दिले. चष्मा तयार झाल्यावर, तो जेवायला गेलेला असताना, मीच तो बाईंना देऊन टाकला. त्यानं पायऱ्यांवर चालवून पाहिलं असतं तर चूक तिथेच सापडली असती — हे मला पक्कं माहीत होतं. बाई तक्रार करतील, चष्मा परत आणतील. एवढंच होईल असं वाटलं होतं.

दोन दिवसांनी बाई घरच्या जिन्यात पडल्या. मनगट मोडलं. त्यांचा मुलगा जाब विचारायला दुकानात आला तेव्हा मी चिठ्ठी पुढे केली. तोवर मी तिच्यात ऐंशीच्या आधी एक लिहून ठेवला होता, म्हणजे चूक काच बसवणाऱ्याचीच दिसावी. कैलास बराच वेळ चिठ्ठी बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"गलती माझीच असेल," तो म्हणाला.

त्याला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी बोलावलंही नाही.

महिन्याभरानं कन्नौदहून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांच्याकडून कळलं. ज्यांना इथवर येणं झेपत नाही अशा आमच्याच गिऱ्हाइकांचे चष्मे कैलास घरी जाऊन नीट करून द्यायचा — ढिले स्क्रू, वाकड्या काड्या. "तुमच्या दुकानाचा माणूस म्हणूनच यायचा," ते म्हणाले. "आता कोण येणार?" मी म्हटलं, तो काम सोडून गेला.

आता दुकानात मी बराच वेळ एकटाच असतो. सातपुतेबाई मात्र अजून येतात. त्यांचं मनगट पूर्ण वळत नाही. मागच्या खेपेला म्हणाल्या, "त्या माणसाला काढलंत ते बरं केलंत."

मी मान हलवली, आणि त्यांच्या काचा पुसून दिल्या.