उद्या बसायचं

इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायकांना कामावरून काढणार, हे कळल्यापासून इस्त्रीवाल्या वहिनींचा जीव थाऱ्यावर नव्हता. चादरींच्या घड्या घालता घालता त्यांनी कामगारांच्या ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या गेटसमोर बसायचं. सगळ्यांनी या.’

भराभर अंगठे आले. मग तिथेच शिपाई असलेल्या दिराने विचारलं, ‘वहिनी, बाटली कोण आणतंय?’ ग्रुपवर हसण्याचा पूर लोटला.

पुरुष कशाला ‘बसणं’ म्हणतात, हे वहिनींच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता कुठला अंगठा धरणं धरायला नि कुठला थट्टेचा?

त्या एकेकीला फोन लावत सुटल्या. “मावशी, खरंच बसायचंय हं. याल ना?”

“येते. पण साहेबांनी डोळे वटारले तर तू उठणार नाहीस ना?”



“नाही उठणार,” त्या म्हणाल्या आणि पुढचा नंबर लावला.