सतरा दुधी

पळसदरीची आमची शेजारीण वैशाखातही मोगऱ्याला आणि दुधीच्या वेलाला "पी गं बाय" म्हणत पाणी घाली. रेशनच्या त्या दिवसांत लेकीच्या लग्नाची भाजी त्याच वेलावर लोंबत होती. मी सवयीनं बोट दाखवत दुधी मोजले. "सतरा!"

तिच्या हातची कळशी सुटली. "भाऊ, कोवळ्याला बोट दावलं की कुजतो! चावा ते बोट!"

मी चावलं.

"एकदा नाय, सतरा वेळा!"

मी मोजून सतरा वेळा चावलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दुधीला काजळाची तीट होती.

लग्नात सतराच्या सतरा चिरले गेले. भर पंगतीत तिनं माझ्याच बोटाला तीट लावली. "गुणाचं हाय. दिष्ट नको लागाया!"