ज्वेबेचा ब्राँकायटिस

त्स्खाल्तुबो गावातल्या आमच्या आरोग्यधामात क्षय कुणालाच नाही. ब्राँकायटिस आहे. तिसऱ्या मजल्यावर अकरा जणांना, दुसऱ्यावर सात. तळमजल्याला ओल जास्त, तिथली मोजदाद सोडून दिलेली. अबखाझियातल्या लढाईतून पळून इथे आलो त्याला सहा वर्षं झाली. पूर्वी इथे सांधेदुखीवाले गरम पाण्यात बसायला येत. त्यांच्या एकेका खोलीत आता सहा जण खोकतात. कागदोपत्री पत्ता अजून ‘आरोग्यधाम’च.

ज्वेबे झरांदियाचा ब्राँकायटिस दुसऱ्यांदा उलटलेला. लढाईआधी तिकडे ओचामचिरेला तो चहाच्या कारखान्यात पानांची प्रत ठरवायचा. इथे प्रत ठरवण्यासारखं काही नसल्याने तो तमादा झाला. आमच्यात पंगतीला मुकाट्याने पीत नाहीत. आधी तमादा उठून मृतांसाठी, मुलांसाठी, गेलेल्या घरांसाठी बोलतो, पेला तळापर्यंत रिता करतो, मग बाकीचे पितात. घरं गेलेल्यांकडे बोलायला पुष्कळ असतं, त्यामुळे ज्वेबेला फुरसत नसे. पहिल्या खेपेला मित्राच्या मुलाच्या लग्नात पिता यावं म्हणून त्याने आठवडाभर गोळ्या थांबवल्या. आठवड्याचे दोन महिने झाले.

“ज्वेबेकाका, या वेळी मधेच सोडलंत तर या गोळ्या तुम्हाला ओळखही दाखवणार नाहीत,” दवाखान्यातली त्सियाला नावाची नर्स म्हणाली. “दुसऱ्या गोळ्या या जिल्ह्यात मिळत नाहीत. आणि वाइनचा थेंबही नको. यकृत आधीच कुरकुरतंय.”

“थेंब कोण पितं गं? आम्ही बैलाचं शिंग भरून पितो.”

“विनोद पुरे. गिळा. तोंड उघडा, बघू दे.”

गोळी रोज तिच्यासमोर गिळायची असे. रांगेत शेजारीपाजारी भेटत. प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी तरी आलेला असे, आणि स्वतःच गोळी गिळून परत जाई.

पाचव्या महिन्यात ज्वेबेची थुंकी स्वच्छ आली, चारचौघांत बसायची परवानगी मिळाली. त्याच आठवड्यात पुतणी ईझोल्दाचं लग्न ठरलं. तिचा बाप लढाईत गेला, तिला ज्वेबेनेच वाढवलेलं. मुलगा रस्त्यापलीकडच्या आरोग्यधामातला. त्याचे वडील वार्लाम जिकिया यांचा निरोप आला: तमादा ज्वेबेच हवा.

“तू प्यायला नाहीस तर ते कारण विचारतील,” ज्वेबेची बायको म्हणाली. पेपेला तिचं नाव. “कारण कळलं तर पोरगी घरी बसेल.”

“आणि प्यायलो तर?”

“तर तू जाशील. पेल्यात डाळिंबाचा रस भर ना, कुणाला कळतंय!”

“रस पिऊन मृतांची नावं घेऊ? त्यापेक्षा वाणसामानाची यादी वाचतो.”

लग्नाची पंगत भोजनगृहात बसली. पहिल्या पेल्याला ज्वेबे उठला आणि त्याने सरळ पाण्याचा जग उचलून पेला भरला. आमच्यात पाण्याचा पेला उचलतात तो शत्रूच्या नावाने.

“तमादा, भांडण कुणाशी काढताय?” मुलाच्या बाजूने कुणीतरी विचारलं.

“आहे एक. छातीत राहतो. क्षय म्हणतात त्याला. इतके दिवस ब्राँकायटिस म्हणून मी त्याचा मान राखला. हा पेला त्याच्या वाटोळ्यासाठी. डॉक्टर म्हणतात, आता माझ्यापासून कुणाला लागण नाही. तरी ज्यांना उठायचं असेल त्यांनी उठावं. कोंबडी आत्ताच वाढलीय, एवढं मात्र सांगून ठेवतो.”

त्याने पाणी एका दमात संपवलं. पेपेलाने डोळे मिटून घेतले. कुणीच उठलं नाही. कोंबडी अक्रोडाच्या रश्शातली होती. वार्लामने बायकोकडे पाहिलं, बायकोने टेबलावरच्या कापडाकडे. मग त्याने आपली वाइन सुरईत परत ओतली.

“व्याही, तो पाण्याचा जग इकडे सरकवा. माझंही त्याच्याशी वैर आहे. सातवा महिना.”

“विहीणबाईंनी तर दमा सांगितला होता!” पेपेला म्हणाली.

“आमच्या इमारतीत दमा म्हणतात,” विहीणबाई म्हणाल्या.

लग्न मोडलं नाही. पाण्याचा जग पंगतभर फिरला. वाइन मात्र उरली, आणि उरलेल्या वाइनचं काय करायचं हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.